न विचारता तोडलेला पाला

श्रीदयाघन महाराज तेव्हा बेलसरी गावी नदीकाठच्या मठात राहत असत. मठ म्हणजे काय, तर उंबराखाली चार भिंती, पुढे शेणाने सारवलेली ओसरी आणि ओसरीच्या कडेला तीन दगडांची चूल. अंगावर एक छाटी, हातात तुळशीची माळ, आणि येईल त्याला "ये, बस" एवढेच बोलणे. पण त्या "ये, बस"साठी माणसे मळ्यातली मोट सोडून येत.

बेलसरीचा पौष मोठा कठीण. पहाटे नदीवरून धुके उठायचे ते ऊन चढले तरी उसाच्या फडांतून हलायचे नाही. त्यात गुऱ्हाळे पेटलेली. चुलवाणाचा धूर धुक्यात अडकून गावावर बसायचा. म्हाताऱ्यांचा दमा उठे, लेकरांच्या छातीत घरघर होई, आणि खोकल्यावाचून एक घर सापडायचे नाही.

म्हणून महाराजांनी मठात एक रीत घातली होती. संध्याकाळच्या भजनाआधी ओसरीवरच्या चुलीवर मोठे पातेले चढे. अडुळशाची पाने, तुळस, गवती चहा, ठेचलेले आले, थोडे मिरे आणि वरून गुळाचा खडा. भजनाला येणाऱ्याने आधी वाटीभर काढा घ्यायचा, मग टाळाला हात लावायचा. "दुसऱ्या मठांत पेढे मिळतात, आपल्याकडं काढा," असे म्हणून तरणी पोरे हसत, आणि तोंडे वाकडी करून का होईना, पीत. खोकणाऱ्याची वाटी वेगळी ठेवा, ती उकळत्या पाण्याने विसळा, खोकताना तोंडावर पदर धरा, लेकराला चुलीच्या धुरात निजवू नका, हे सारे महाराज नामस्मरणाइतक्याच आस्थेने सांगत. एकदा कुणी म्हणाले, "महाराज, हे तर आमच्या घरातल्या बायकाही सांगतात."

महाराज म्हणाले, "मग ऐकत का नाही रे?"

या काढ्याचा पाला आणायची सेवा धोंडाक्काची होती. धोंडाक्का गुरवाची विधवा. देवाला बेल, फुले, पत्री पोचवायची आणि गावाने दिलेल्या शिध्यावर दिवस काढायचे, असा तिचा संसार. पूर्वी एकदा तिने महाराजांचे पाय धरून म्हटले होते, "बाबा, मला पोथी वाचाय येत न्हाई. उपासानं अंगात बळ राहत न्हाई. मला झेपंल असा एखादा नेम द्या."

महाराजांनी तिचे हात पाहिले. पाला तोडून तोडून बोटे हिरवी पडली होती. ते म्हणाले, "तोडतेसच ना, माय? मग आता विचारून तोडत जा."

एवढाच नेम. पण धोंडाक्काने तो जिवापाड धरला. रोज दिवेलागणीच्या आधी द्रोणात हळदकुंकू आणि अक्षता घेऊन ती झाडापाशी जाई. बुंध्याला कुंकू लावी, अक्षता वाही आणि आवतण देई. "आई, उद्या उन्हं आली की तुझ्या दारी येते. कुंभाराच्या म्हातारीला दम लागलाय, तिच्यासाठी मूठभर पाला लागंल. राग मानू नको." दुसऱ्या दिवशी ऊन पडले की जाई, हवी तेवढीच पाने खुडी, कोवळा शेंडा राखी. दिवे लागल्यावर मात्र झाडाला हात नाही. "निजत्यात ती तवा," असे ती म्हणे. नेम लहान असला म्हणजे सोपा असतो असे नाही. ताप आला, पाहुणा आला, पाऊस लागला, तरी संध्याकाळ व्हायची राहत नाही, आणि तिच्याबरोबर नेमही दारात येऊन उभा राहतो. ज्या बाया नेम करतात त्यांना हे सांगायला नको.

गावचे पाटील खंडेराव इंगवले. मनाने माणूस वाईट नव्हता. पण जमीन मोठी, गुऱ्हाळ स्वतःचे, आणि आपल्या बोलण्याला चारचौघांनी हसावे याची भारी हौस. त्यांच्या मळ्याच्या बांधावर वडिलांच्या वेळेपासून अडुळशाचे दाट कुंपण होते. शोभेसाठी म्हणून पाटलांनी मधेमधे तांबड्या फुलांची कण्हेरही लावून घेतली होती. धोंडाक्का पाल्याला बहुधा तिथेच जाई.

एके संध्याकाळी ती बांधावर अक्षता वाहत होती. तेवढ्यात गुऱ्हाळावरून पाटील आले, मागे चारपाच गडी.

"काय धोंडाक्का, आवतण चाललंय जणू?"

"व्हय पाटील."

"मग वाजंत्री कुठंय? नुसतं कुंकू लावून वऱ्हाड निघतं व्हय?"

गडी खो खो हसले. धोंडाक्काही हसली. म्हणाली, "जिवंत हाय ते. विचारलेलं बरं."

"अगं, शेरडंसुदीक तोंड लावत न्हाईत ह्या पाल्याला! म्हणून तर बांधावर ठेवलाय. शेरडं शहाणी, आन् तुमच्या मठातली माणसं खुळी. घटाघटा पित्यात!"

"शेरडं कुठं भजनाला बसत्यात, पाटील? त्यांचा घसा बसला तरी चालतंय."

या वेळी गडी जास्तच मोठ्याने हसले, आणि ते पाटलांना लागले. चेहरा उतरला. काठी बांधावर आपटून ते म्हणाले, "लई बोलाय लागलीस. आजपासनं माझ्या कुंपणाला हात लावायचा न्हाई. झाड माझं हाय. विचारायचं तर मला विचार!"

धोंडाक्काने झाडाला हात जोडले, पाटलांनाही जोडले आणि निघाली. त्यानंतर ती पाल्यासाठी लांब डोंगराकडच्या ओढ्याला जाऊ लागली. मठात तिने यातले अवाक्षर काढले नाही. पण गाव ते, राहते कुठे! महाराजांच्या कानावर गेलेच. महाराज म्हणाले, "पाटील म्हणाला ते खोटं नाही. झाड त्याच्या बांधावर आहे, त्याला विचारायला हवं." आणि माळ ओढू लागले.

पुढे थंडी आणखी वाढली. पाटलांच्या घरी ठकू नावाची लहानगी नात होती. तिचा बाप गुळाच्या गाड्या घेऊन पेठेला गेलेला. या पोरीत पाटलांचा जीव. गावावर डाफरणारा माणूस घरात तिच्यासाठी घोडा होई. त्या ठकूला खोकला लागला. तिची आई सगुणा भीत भीत म्हणाली, "मामंजी, मठातनं वाटीभर काढा आणू का?"

"आपल्या घरात मठाची वाटी नको. उद्या पेठंच्या वैद्याला आणतो."

दुसऱ्या दिवशी वैद्याला आणायला गाडी गेली खरी, पण वैद्य परगावी गेलेले. दिवस मावळताना गाडी रिकामी परत आली आणि इकडे पोरीची दशा पालटली. श्वास ओढताना बरगड्या आत जात, नाकपुड्या फुलत, ओठ निळसर दिसू लागले. रडायलाही तिला दम पुरेना. नुसती आजोबांकडे बघत राही.

सगुणाची भीड त्या नजरेने गेली. ती म्हणाली, "मामंजी, आता धोंडाक्काला बोलवा. न्हाईतर मी जाते."

पाटलांनी गडी पाठवला. तेव्हाही निरोप कसा? "म्हणावं, पाटलांचा हुकूम हाय. पाला घेऊन लगोलग ये."

गडी मठात पोचला तेव्हा दिवे लागून भजन सुरू झाले होते. काढ्याचे पातेले रिकामे, पाल्याचे एक पान शिल्लक नाही. गड्याने धापा टाकत सगळे सांगितले. धोंडाक्का उठली आणि उठल्या जागी उभी राहिली. मग महाराजांपुढे जाऊन बसली.

"बाबा, दिवे लागलं. झाडाला आवतण दिलेलं न्हाई. तुम्ही दिलेला नेम…"

महाराज म्हणाले, "मोडायची भीती वाटते? माझी का?"

धोंडाक्काने डोळे मिटले. ती म्हणाली, "तुमची न्हाई, बाबा. माझ्याजवळ तेवढी एकच वस्तू हाय. ती मोडून देवापुढं कशी जाऊ?"

"आणि नेम सांभाळून गेलीस, आणि पोर तिकडं गुदमरून गेलं, तर कशी जाशील?"

महाराजांनी हे रागाने विचारले नव्हते. अगदी हळू, आई लेकीला विचारते तसे विचारले. धोंडाक्काच्या डोळ्यांतून पाणी आले. तिने पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "जाऊ द्या नेम. मी निघते."

"थांब, माय. कंदील घेऊन जा. आणि विचारायचं सोडू नकोस. उद्याचं आवतण द्यायला सवड नाही, तर आत्ताचं दे. झाडालाही निकड कळते."

इकडे पाटलांना वाट बघवेना. एक एक क्षण पोरीच्या छातीबरोबर वरखाली होत होता. "एवढ्याशा पाल्याला तिची कशाला वाट बघायची? झाड माझं, बांध माझा!" असे म्हणत ते तसेच बाहेर पडले. बाहेर धुके उतरलेले, पायाखालचे दिसेना. कुंपणात हात घालून त्यांनी ओरबाडून पाला घेतला आणि उपरण्यात भरून आणला. सगुणाने चुलीच्या उजेडात तो भराभर ठेचला, उकळला, फडक्यातून गाळला, गूळ घातला. अडुळशाचा काढा कसा करायचा ते काय कुणाला ठाऊक नव्हते?

पाटलांनी ठकूला मांडीवर घेतले. वाटी हातात धरून फुंकर मारली. "घे माझी बाय. एकच घोट." वाटी पोरीच्या ओठांपाशी नेली, आणि ती कलंडली. सारा काढा भुईवर.

आपलाच हात कापला असेल, असे त्यांना वाटले. सगुणाने दुसरी वाटी भरली. आता पाटलांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. पुन्हा ओठांपाशी नेली. आणि काय सांगावे! या वेळी त्यांना स्पष्ट जाणवले. समोरून कुणीतरी वाटीला तळवा लावला आणि मागे लोटली. जोरात नाही. विस्तवाकडे जाणाऱ्या लेकराला घरातले वडीलधारे अडवतात तशी. वाटी खणकन पडली.

"कोण हाय?" पाटील ओरडले. खोलीत ते, सून आणि मांडीवरची पोर, याशिवाय कुणी नव्हते.

सगुणा म्हणाली, "मामंजी, पातेल्यात अजून एक वाटी निघंल."

तोच दारात कंदिलाचा उजेड पडला. धोंडाक्का उंबऱ्याबाहेरच उभी होती. वास्तविक मठातून बांधाकडे जायला आडवाट जवळची. तरी ती आधी घरी आली होती.

"पाटील," ती धापा टाकत म्हणाली, "पाला घ्याय चालले. झाड तुमचं हाय. तुम्ही म्हणाला हुता, आधी मला विचार. म्हणून आले. घेऊ का?"

पाटलांनी नको अशी मान हलवली आणि चुलीकडे हात केला, केलाय काढा, अशा अर्थाने. धोंडाक्काने कंदील उचलून आत धरला. खलबत्त्याशेजारी न ठेचलेला पाला पडला होता. त्यावर उजेड पडला. अडुळशाची रुंद, मऊ पाने, आणि त्यांच्यात मिसळलेली दुसरी. अरुंद, लांब, चामड्यासारखी. एका डहाळीला तांबडी कळीही होती.

ती कण्हेर आहे हे कुणी सांगावे लागले नाही. कण्हेरीचा पाला पोटात गेला तर काय होते, हे बेलसरीत पोरासोरांनाही माहीत. सगुणाने किंकाळी फोडली आणि पातेले उचलून परसात उपडे केले. पाटलांनी पोरीला छातीशी आवळून धरले. "माझ्या हातानं… माझ्या हातानं पाजत हुतो…" एवढेच ते म्हणत राहिले.

धोंडाक्का म्हणाली, "पाटील, आता बसून भागायचं न्हाई. पोरीला आईजवळ द्या. सगुणा, तिला चुलीपाशी नको, पुढच्या सोप्यात ने. आडवी निजवू नको, खांद्यावर उभी धर. शेजारनं दुसरं पातेलं आन् खलबत्ता माग, ह्याला हात लावू नको. चला पाटील, कंदील धरा."

गावाने कधी पाहिले नव्हते असे दृश्य धुक्याने पाहिले. पुढे गुरवाची विधवा आणि मागे तिच्या पायांपुढे उजेड धरणारे पाटील. कुंपणापाशी धोंडाक्का थांबली. अक्षता नव्हत्या. तिने कपाळावर हात टेकवला आणि तोच बुंध्याला लावला.

"आई, अवेळी आले. निजेतनं उठवते. पाप लागंल ते मला लागू दे. पाटलांच्या नातीला श्वास घावंना. दे." मग मागे वळून म्हणाली, "तुम्ही बी विचारा, पाटील."

पाटलांनी कंदील खाली ठेवला आणि हात जोडले. जन्मात त्यांनी कुणाकडे मागितले नव्हते. ते म्हणाले, "दे… दे गं आई."

मग एकेक पान कंदिलासमोर धरून, पालथे-उलथे करून धोंडाक्काने खुडले. घरी आल्यावर नव्या पातेल्यात काढा उकळला. तव्यावर ओवा गरम करून त्याची पुरचुंडी बांधली आणि आपल्या गालाला लावून बघून पोरीच्या छातीपाठीला शेक दिला. तुळस घातलेल्या पाण्याची वाफ सोप्यात फिरू दिली. कोमट काढा चमच्याचमच्याने पाजला. या वेळी वाटी स्थिर राहिली. कितीतरी वेळ काहीच झाले नाही. धोंडाक्काचे ओठ हलत होते, पाटील तिच्याकडे बघत होते, सगुणा पोरीच्या तोंडाकडे. आणि मग ठकूला मोठी उबळ आली, कफ सुटला, आणि ती भोकाड पसरून रडली! लेकराच्या रडण्याने घरातल्यांनी हात जोडावेत, असे क्वचितच घडते. हळूहळू बरगड्यांची ओढ कमी झाली. ओठांवर रंग आला. आईच्या खांद्यावर मान टाकून पोर झोपली.

सकाळी पाटील अनवाणी मठात आले. पागोटे डोक्यावर नव्हते, हातात होते. धोंडाक्का आधीच येऊन ओसरीच्या कोपऱ्यात बसली होती. पाटलांनी घडले ते सगळे सांगितले, कण्हेरीचेही लपवले नाही. शेवटी म्हणाले, "महाराज, कुणीतरी वाटी लोटली. दोनदा. मला हात लागल्यागत झालं, पण दिसलं कुणी न्हाई."

"हं," एवढेच महाराज म्हणाले आणि त्यांनी खडीसाखरेचा प्रसाद पुढे केला. डाव्या हाताने.

प्रसाद डाव्या हाताने? पाटलांनी दचकून वर पाहिले. उजवा हात छाटीत झाकलेला होता. वारा आला, छाटी सरकली. तळवा लालबुंद भाजला होता, बोटांच्या मुळाशी फोड आले होते, आणि त्या फोडांवर हिरवट डाग वाळला होता.

जिवबा नावाचा म्हातारा टाळकरी शेजारी बसला होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "काल भजन चाललं असताना महाराजांनी एकाएकी हात पुढं केला. 'नको, नको' म्हणाले. थोड्या वेळानं परत तसंच. आम्ही म्हटलं भावसमाधी लागली. रात्रभर हात कुणाला बघू दिला न्हाई."

पाटलांना सगळे उमगले. ज्या मठाची वाटी त्यांनी घरात नको म्हटली होती, त्याच मठातला हात त्यांच्या वाटीच्या आड येऊन पोळला होता. ते हुंदके देत महाराजांच्या पायांवर कोसळले.

महाराज म्हणाले, "आधी उठ. पोरीला ऊन वर आलं की गाडीत घाल, नीट पांघरूण घेऊन. वैद्य काल परगावी होता, आज पेठेत आला असेल. काढ्यानं वाट मोकळी झाली, पण छाती साफ झाली का, हे त्यानं बघायला हवं. ते टाळू नकोस."

"व्हय, महाराज."

तेवढ्यात धोंडाक्का कोपऱ्यातून पुढे आली. रात्रभर तिलाही झोप नव्हती. म्हणाली, "बाबा, मला प्रायश्चित्त सांगा. इतकी वर्सं सांभाळला, काल मोडला नेम."

महाराजांनी पाटलांकडे पाहिले. "पाटील, ही म्हणते नेम मोडला. तू तिथं होतास. तूच सांग."

ओसरीवर बसलेली सारी माणसे पाटलांकडे बघू लागली. त्यांतच गुऱ्हाळावरचे ते गडीही होते. पाटलांनी त्या गड्यांकडे एकदा पाहिले.

"न्हाई मोडला, महाराज," ते म्हणाले. "तिनं झाडाला विचारलं. त्याच्या आधी माझ्या दारात येऊन मला विचारलं. विचाराय आली, म्हणूनच कंदील घरात आला आन् तो पाला दिसला. न्हाईतर तिसरी वाटी मी भरलीच असती. न विचारता तोडलं, ते मी."

असे म्हणून ते वळले आणि सगळ्या गावादेखत त्यांनी आपले पागोटे धोंडाक्काच्या पायांपाशी ठेवले, त्याच्याशेजारी कपाळ टेकले. धोंडाक्का पाय मागे घेत घाबरून म्हणाली, "अवं पाटील, मला न्हाई… मला काय करता…" पण पाटील उठेनात.

महाराज त्या दोघांकडे पाहत होते. त्यांनी छाटीतून उजवा हात काढला आणि, फोड आलेल्या तळव्यासकट, दोन्ही हात जोडून डोळे मिटले. कुणाला जोडले, ते ज्याचे त्याने ओळखावे. त्या पोळलेल्या हाताला आपलेही नमन असो.